ब्राउझरची पारख

कारवारहून कद्रा व अणशीमार्गे जोयड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारवाडा हे गाव लागते. भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे दाट अरण्य, मधूनमधून भातशेतीचे तुकडे आणि डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या, असा हा मुलूख आहे. घरात कोकणी, वाचनात मराठी आणि कचेरीत कन्नड अशा तीन भाषांत येथील पुष्कळांचा व्यवहार चालतो. या व्यवहाराचा बराचसा भाग आता कागदावरून उठून काचेच्या पडद्यावर जाऊन बसला आहे. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणाऱ्या कर्नाटकातील ‘भूमी’ योजनेला पाव शतक लोटले. पहाणीचा उतारा, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, बँकेतील शिल्लक ही सारी कामे मोबाइलवर किंवा सेवा केंद्रातील संगणकावर होतात. त्यांपैकी पुष्कळशी कामे ज्या एका साधनातून होतात, त्याला ब्राउझर म्हणतात. हे साधन नीट पारखून घेण्याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात.

ब्राउझरला मराठीत ‘न्याहाळक’ असा शब्द सुचविण्यात आला होता. पण लोकांच्या तोंडी ‘ब्राउझर’च रुळला. त्याचे काम वरवर पाहता सोपे आहे. दूरच्या संगणकाकडे पानाची मागणी करावयाची, आलेला मजकूर मांडून दाखवावयाचा आणि वापरणाऱ्याने भरलेली माहिती परत पोचवावयाची. म्हणजे तो एकाच वेळी टपालवाला, वाचक आणि लेखनिक असतो. टपालवाल्याला पत्ते कळतात, वाचकाला मजकूर कळतो आणि लेखनिकाला मनातली गोष्ट कळते. ज्याला हे तिन्ही कळते, तो प्रामाणिक आहे की नाही आणि स्वतः सावध आहे की नाही, हे दोन प्रश्न विचारणे म्हणजेच ब्राउझरची पारख करणे होय.

प्रथम सावधपणाचा प्रश्न घेऊ या. ब्राउझर वरचेवर बदलतो, ही सर्वांचीच तक्रार आहे. काल जेथे बटण होते तेथे आज नाही, आणि डेटा खर्च झाला तो वेगळाच. या तक्रारीत तथ्य आहे. गूगलचा क्रोम २०१० पासून सहा आठवड्यांनी आणि २०२१ पासून चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढू लागला. २०२३ पासून तर सुरक्षेची डागडुजी दर आठवड्याला होऊ लागली. मोझिलाच्या फायरफॉक्सनेही २०११ पासून अशीच जलद चाल धरली. ही घाई कशासाठी, असे कोणीही विचारील.

त्याचे उत्तर असे, की ब्राउझर हा लक्षावधी ओळींचा कार्यक्रम असतो आणि एवढ्या मोठ्या रचनेत कोठे ना कोठे फट राहतेच. तशी फट सापडली, की कर्ते ती बुजवितात. परंतु क्रोमसारख्या ब्राउझरांचा गाभा सर्वांना वाचण्यास खुला असल्यामुळे, फट बुजविल्याची नोंद चोरालाही वाचता येते. भिंतीचा कोणता भाग लिंपला हे पाहून, ज्या घरांचे लिंपण अजून झालेले नाही त्यांची भिंत कोठे पोकळ आहे हे त्याला बिनचूक समजते. म्हणूनच दुरुस्ती तयार होणे आणि ती प्रत्येकाच्या यंत्रात पोचणे, यांतील काळ सर्वांत धोक्याचा असतो. तो काळ कमी करण्यासाठीच ही आठवड्याआठवड्याची धावपळ चालते. अद्ययावत करण्याची सूचना दूर सारणारा माणूस शांतता मिळवीत नाही. तो घराची पोकळ भिंत तशीच ठेवतो.

कुंभारवाड्यासारख्या ठिकाणी या बाबतीत एक वेगळीच अडचण आहे. अरण्याने वेढलेल्या या तालुक्यात मोबाइलचे जाळे गावोगाव सारखे पोचलेले नाही, आणि वाय-फाय असलेली घरे तर विरळाच. इकडे पुष्कळ फोनांत प्ले स्टोअरची सोय ‘केवळ वाय-फायवर अद्ययावत करावे’ अशी ठरवून ठेवलेली असते. ज्या घरात वाय-फाय कधी येतच नाही, तेथे ब्राउझर महिनोन्‌महिने जुनाच राहतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. यावर उपाय सोपा आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटावरही अद्ययावत करण्याची परवानगी द्यावी. ते परवडत नसेल तर बाजाराच्या दिवशी चांगल्या रेंजमध्ये आल्यावर आठवणीने निदान ब्राउझर तरी स्वतःच्या हाताने अद्ययावत करावा. दहा ॲपे जुनी राहिली तरी चालतील. हे एक राहू देऊ नये.

दुसरी अडचण जुन्या यंत्रांची. मोठ्या भावाचा फोन धाकट्याकडे येतो, शहरातील कचेरीने टाकलेला संगणक खेड्यातील केंद्रात येतो. यंत्र चालू असते, पण त्याची दुरुस्ती करणाऱ्यांनी हात काढून घेतलेला असतो. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये निघाली. ऑगस्ट २०२५ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्यांना अँड्रॉइड १० किंवा त्यापुढील प्रणाली लागते. अशा यंत्रावर ‘आपला ब्राउझर अद्ययावत आहे’ असे दिसले, तरी त्याचा अर्थ ‘या यंत्रासाठी यापुढे काही येणार नाही’ एवढाच असू शकतो. म्हणून निवडीची पहिली कसोटी ही, की हातातील यंत्राला ज्याच्या दुरुस्त्या आजही मिळतात तोच ब्राउझर घ्यावा. आणि कोणताच मिळत नसेल, तर त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

आता प्रामाणिकपणाचा प्रश्न. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली या तंत्रज्ञाने ‘कुकी’ नावाची युक्ती काढली. संकेतस्थळाने वापरणाऱ्याच्या यंत्रात एक लहानशी चिठ्ठी ठेवावयाची, म्हणजे पुन्हा आल्यावर ओळख पटते. दुकानाने आपल्या गिऱ्हाइकाची खूण ठेवावी, इतकाच तिचा निरुपद्रवी हेतू होता. पुढे जाहिरातदारांनी तीच युक्ती उचलली. एकाच जाहिरातदाराच्या चिठ्ठ्या हजारो संकेतस्थळांवरून ठेवल्या गेल्या, तेव्हा माणूस कोठून कोठे गेला, त्याने कोणत्या आजाराची चौकशी केली, कोणत्या कर्जाची माहिती वाचली, याचा माग सलग काढता येऊ लागला. अशा तिऱ्हाइतांच्या कुकी ॲपलच्या सफारीने २०२० मध्ये पूर्णपणे बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी स्वतंत्र कप्प्यात ठेवण्याची व्यवस्था सर्वांसाठी सुरू केली. गूगलने त्या दोन वर्षांत काढून टाकण्याची घोषणा २०२० मध्ये केली, वारंवार मुदत वाढविली आणि शेवटी २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

मात्र यावरून एकास साधू आणि दुसऱ्यास चोर ठरविणे बरोबर होणार नाही. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच, शोधयंत्राच्या करारापोटी येतो. सफारीतही तेच शोधयंत्र आधी ठेवावे म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २,००० कोटी डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. फुकट मिळणाऱ्या ब्राउझरची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजत असतेच. ती कोण मोजतो, हे विचारणे ही निवडीची दुसरी कसोटी होय.

डेटा वाचविण्याच्या मोहात ही कसोटी विशेष लावावी लागते. रेंज क्षीण असलेल्या भागांत पाने आकसून आणणारे ब्राउझर एके काळी फार लोकप्रिय झाले. ऑपेरा मिनी हा त्यांतील नामांकित. पान आकसण्यासाठी ते आधी कंपनीच्या संगणकावर उघडावे लागते. म्हणजे सर्वाधिक बचतीच्या पद्धतीत मजकूर वाटेत तिसऱ्याच्या हातून जातो. बातम्या वाचण्यास ती सोय उत्तम आहे, पण बँकेचा परवलीचा शब्द त्या वाटेने पाठविणे शहाणपणाचे नाही. चीनमधील यूसी ब्राउझरची गोष्ट याहून बोलकी आहे. भारतात तो घरोघर पोचला होता. २०१५ साली टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब या संस्थेने तपासणी करून दाखविले, की वापरणाऱ्याचा ठावठिकाणा, त्याने शोधलेले शब्द आणि फोनची ओळख सांगणारे क्रमांक त्यातून पुरेशा संरक्षणावाचून बाहेर जात होते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपांत त्याचाही समावेश होता.

मग स्वदेशी ब्राउझर का वापरू नये, असा प्रश्न साहजिकच येतो. त्याची उदाहरणे आहेत. बंगळूरहून निघालेला ‘एपिक’ २०१० साली भारतीय भाषांची सोय घेऊन आला आणि २०१३ पासून खासगीपणावर भर देऊ लागला. केंद्र सरकारने भरविलेल्या स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या ‘उला’ या ब्राउझरला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. या प्रयत्नांचे स्वागतच केले पाहिजे. तथापि उला आणि आजचा एपिक हे दोन्ही, एज, ऑपेरा व ब्रेव्ह यांच्याप्रमाणेच, गूगलच्या क्रोमियम या गाभ्यावर उभारलेले आहेत. मूळ गाभ्यात फट सापडली, की ती या सर्वांत असते; आणि दुरुस्ती कोण किती लवकर पोचवितो, यावर त्यांची सुरक्षितता ठरते. नाव आणि रंग यांपेक्षा ही तत्परता पाहावी.

आणखी एका सोयीविषयी सांगणे अगत्याचे आहे. पहाणीचे पान कन्नडमध्ये उघडले, की ते मराठीत करून देणारे बटण दाबण्याचा मोह होतो. क्रोममध्ये हे भाषांतर करण्यासाठी पानाचा मजकूर गूगलकडे जातो. फायरफॉक्सने २०२३ पासून सुरू केलेले भाषांतर यंत्राच्या आतच होते, पण सर्व भाषांची सोय त्यात नाही. सरकारी सूचना असेल तर भाषांतर खुशाल करावे. खाते उघडून त्यात स्वतःची माहिती दिसत असताना मात्र हात आवरावा आणि कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याला विचारावे.

परंतु एवढी पारख करूनही खेड्यातील माणसाच्या खासगीपणाला सर्वांत मोठा धोका अमेरिकेतून वा चीनमधून येतोच असे नाही. पुष्कळदा तो जवळच असतो. घरात एक फोन चारजण वापरतात. केंद्रातील एका संगणकावर दिवसभरात गावचे अर्ज भरले जातात. समजा, एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी आपले आधार उतरवून घेतले. काम झाले, ती घरी गेली. फाइल मात्र ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच राहिली. ती उघडण्याचा परवलीचा शब्द नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष, असा ठरलेला असतो. ज्या गावात सर्वांना सर्वांची नावे आणि वये ठाऊक असतात, तेथे त्या कुलपाला किती अर्थ उरतो? त्यातच ‘पासवर्ड जतन करू काय?’ या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हटले असेल, तर पुढच्या माणसाला तिच्या खात्याचे दारही उघडे सापडते.

अशा सामाईक यंत्रावर ‘इनकॉग्निटो’ किंवा खासगी खिडकी हा चांगला उपाय आहे. ती बंद करताच पाहिलेल्या पानांची यादी आणि कुकी पुसल्या जातात. मात्र उतरविलेल्या फाइली पुसल्या जात नाहीत. त्या हाताने काढून टाकाव्या लागतात. शिवाय ही खिडकी पुढच्या वापरणाऱ्यापासून लपविते, संकेतस्थळापासून लपवीत नाही. याच गैरसमजावरून २०२० साली अमेरिकेत गूगलवर दावा झाला, आणि २०२४ मधील तडजोडीत अशा खिडकीतून गोळा झालेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले.

तेव्हा निवड कशी करावी? ज्याला साध्या, सर्वत्र चालणाऱ्या साधनाची गरज आहे, त्याने फोनबरोबर आलेला क्रोम ठेवण्यास हरकत नाही. पण त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तिऱ्हाइतांच्या कुकी बंद कराव्यात. ज्याला आपला माग काढला जाऊ नये असे वाटते, त्याला फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह अधिक सोयीचा. फायरफॉक्स तर मराठीतही मिळतो. एखादे सरकारी पान एका ब्राउझरात उघडले नाही तर दुसरा हाताशी असावा, म्हणून दोन ठेवणे चांगले. चार ठेवले तर चारही अद्ययावत राखावे लागतात. मोठा बदल झाल्यावर दहा मिनिटे काढून खासगीपणाचे सेटिंग पुन्हा पाहावे, कारण नव्या आवृत्तीबरोबर फटी बुजतात तशा काही वेळा नव्या परवानग्याही येऊन बसतात.

खासगीपणा हा शहरी चैनीचा विषय आहे, असे समजण्याचे कारण नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली दाखल केलेल्या याचिकेतूनच तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे गेला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क ठरला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू करावयाचे म्हणून प्रसिद्ध झाले. कायद्याचे हात लांब असले, तरी केंद्रातील संगणकाच्या ‘डाउनलोड्स’पर्यंत ते रोज पोचणार नाहीत. तेथे त्या विद्यार्थिनीलाच, उठण्यापूर्वी, आपली फाइल पुसून खिडकी बंद करावी लागेल. हे तिला शाळेतच कोणी शिकविले, तर कोणत्याही ब्राउझरने दिलेल्या आश्वासनापेक्षा ते तिच्या अधिक उपयोगी पडेल.