कॉम्प्युटर बदलताना : कॅलेंडर आणि संपर्कांच्या सिंकचा मागोवा

पाम पायलट हे खिशात मावणारे यंत्र 1996 साली आले. ते स्टँडमध्ये ठेवून बटण दाबले की त्यातल्या भेटीच्या वेळा आणि फोन नंबर कॉम्प्युटरशी जुळवले जात. या जुळणीला हॉटसिंक म्हणत. नोंदी दोन्हीकडे साठत, आणि मागची जुळणी कोणत्या कॉम्प्युटरशी झाली हे यंत्र लक्षात ठेवी. कॉम्प्युटर बदलण्यातली खरी अडचण इथेच होती. नव्या कॉम्प्युटरशी गाठ पडली की फक्त बदललेल्या नोंदी पाहून भागत नसे. सगळ्याच ताडून पाहाव्या लागत. त्यासाठी वापरकर्त्याच्या नावाचा फोल्डर आधी नव्या कॉम्प्युटरवर न्यायचा आणि पहिल्या सिंकपुरते कोणाच्या नोंदी ग्राह्य धरायच्या ते ठरवायचे. ही निवड फार जपून करावी लागे, कारण रिकामा कॉम्प्युटर ग्राह्य धरला तर यंत्रातल्या नोंदीही पुसल्या जात.

वेगवेगळ्या प्रोग्रामांना एकमेकांच्या नोंदी वाचता याव्यात म्हणून त्याच दशकात संपर्कांसाठी व्हीकार्ड आणि 1998 साली कॅलेंडरसाठी आयकॅलेंडर ही प्रमाण स्वरूपे आली. आयकॅलेंडरमधल्या प्रत्येक नोंदीला वेगळी ओळखखूण असते. ती पाळणारा प्रोग्राम तीच फाइल पुन्हा घेतली तरी नोंद दुहेरी करत नाही. मराठी नावांचे मात्र हाल होत. व्हीकार्डच्या 2.1 आवृत्तीत अक्षरसंच वेगळा सांगावा लागे, आणि तो वगळला गेला की देवनागरी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. 2011 च्या 4.0 आवृत्तीने अक्षरसंच म्हणून यूटीएफ-8 सक्तीचे केले, हे फार गरजेचे होते.

मोठा बदल घडला तो 2007 मधल्या कॅलडॅव्ह आणि 2011 मधल्या कार्डडॅव्ह या मानकांमुळे. मूळ नोंदी सर्व्हरवर राहू लागल्या आणि कॉम्प्युटरवर त्यांची प्रत. नव्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचा पत्ता, खात्याचे नाव आणि पासवर्ड भरला की सारे उतरू लागले. 2013 च्या मानकाने तर ईमेल पत्त्याच्या डोमेनवरून सर्व्हर शोधण्याचीही सोय केली. दुहेरी पडताळणी असलेल्या काही खात्यांना मात्र अशा प्रोग्रामसाठी वेगळा पासवर्ड तयार करावा लागतो.

खात्याबाहेरचे काहीच आपोआप येत नाही. ‘या कॉम्प्युटरवर’ अशा शीर्षकाखाली ठेवलेली कॅलेंडरे आणि संपर्क जुन्या डिस्कवरच राहतात. ते आयकॅलेंडरच्या आयसीएस आणि व्हीकार्डच्या व्हीसीएफ फाइलींत काढून नव्या कॉम्प्युटरवर घ्यावे लागतात, तेही जुना कॉम्प्युटर पुसण्याआधी.