भरल्या गाडीला सूप

माझी बँकेतली छत्तीस वर्षांची नोकरी ‘लिमिट’ या एका शब्दाच्या सोबतीने गेली. कॅश क्रेडिटचे लिमिट, ओव्हरड्राफ्टचे लिमिट, रात्री तिजोरीत किती रोकड ठेवायची त्याचे लिमिट. मर्यादेच्या वर रक्कम गेली की कारण लिहायचे आणि सही घ्यायची, आणि शेवटची काही वर्षे ती सही माझीच असे. ‘साहेब, थोडंसंच जास्त आहे, चालवून घ्या’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की एखाद्या मास्तराने बेचा पाढाही तितक्या वेळा ऐकला नसेल.

अशा माणसाने साठी उलटल्यावर, परमुलखात जाऊन, स्वतःच तेच वाक्य म्हणावे आणि तेही आठ वर्षांच्या नातीसमोर, याला काय म्हणावे? त्याचीच ही हकिगत.

माझा मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. ‘आईबाबांना योसेमिटीत तंबूत झोपवायचंच’ असा त्याचा हट्ट होता. योसेमिटी म्हणजे मर्सेड नदीची दरी. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे आणि त्यांवरून पडणारे धबधबे. ही दरी जपण्यासाठी लिंकनने १८६४ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत, कायद्यावर सही केली. १८९० मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

तिथे तंबूची जागा मिळवणे म्हणजे गणपतीत कोकणगाडीचे तिकीट काढण्यासारखे आहे. पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, सकाळी ७ वाजता आरक्षण उघडते. त्याप्रमाणे १५ जानेवारीला मुलगा आणि सून दोन संगणक आणि दोन फोन घेऊन बसले, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या तीन रात्री त्यांच्या पदरात पडल्या. जागा एक, माणसे जास्तीत जास्त सहा. तान्हे मूलसुद्धा धरून. गाड्या दोन. मुलगा, सून, नात, धाकटा नातू आणि आम्ही दोघे, असे आम्ही बरोबर सहा जण. हिशेब पैशापैशाने जुळला होता.

निघायच्या आदल्या दिवशी हिच्या भाच्याचा फोन आला. तो तिकडेच शिकायला असतो. परीक्षा संपल्या होत्या आणि खोलीत एकटाच होता. ‘आत्या, मीही येऊ?’ आता आत्या नाही म्हणेल का? सुनेने नियम वाचून दाखवला. मुलगा डोके खाजवू लागला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. नियमांचा माणूस मी! आणि मी म्हणालो, “अरे, एक तर माणूस. भरल्या गाडीला सूप जड नसतं. चालवून घेतील.”

फाटकापाशी रेंजरने मुलाचे ओळखपत्र पाहिले. तिथे ज्याच्या नावावर आरक्षण त्यालाच जागा मिळते, तिकीट दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. “सहा?” त्याने विचारले. मुलाने मान डोलावली. भाचा मागच्या सीटवर उश्यांमध्ये होता. आम्ही आत गेलो. मी मनाशी म्हटले, पाहा, काही होत नाही.

जागा मात्र पाहण्यासारखी मांडलेली. पाइनच्या आणि सीडरच्या उंच झाडांखाली प्रत्येक बिऱ्हाडाला एक लाकडी टेबल, शेकोटीचे एक लोखंडी कडे आणि अन्न ठेवायला एक जाड पोलादी पेटी. अस्वलाला टूथपेस्टचा वाससुद्धा लागतो म्हणून तीही पेटीतच ठेवायची. या नियमाबाबत सरकार इतके कडक आहे, की बाहेर अन्न सोडणाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या पेटीत सहा जणांचा शिधा बसला. सातव्याचे पोहे, चकली आणि सुनेने हौसेने केलेला चिवडा काही केल्या मावेना. हिने तीन वेळा सामान लावून पाहिले. शेवटी चिवडा त्याच वेळी खाऊन टाकायचे ठरले.

संध्याकाळी सुनेने मुलांना जवळ घेऊन हळूच सांगितले, “कोणी विचारलं तर आपण सहा आहोत असं सांगायचं.” नात गप्प झाली. मग बोटांवर मोजू लागली. पुन्हा मोजले. आणि माझ्याकडे येऊन तिने विचारले, “आबा, मग कोणाला मोजायचं नाही?”

मी काहीतरी पुटपुटलो. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “मला नका मोजू. मी छोटी आहे. मी तंबूत लपून बसते.”

बँकेत मी मोठमोठे घोटाळे उघडकीला येताना पाहिले, पण पोटात असा खड्डा कधी पडला नव्हता.

जेवायला बसलो तेव्हा अंधारत आले होते. तेवढ्यात हातात बॅटरी घेतलेल्या, रुंद काठाची टोपी घातलेल्या एक रेंजरबाई पायी फिरत आल्या. आमच्या बँकेत अचानक रोकड तपासायला अधिकारी येत, तसेच हे. त्यांनी आधी पेटीची कडी पाहिली, मग शेकोटी, मग टेबलावरच्या ताटल्या. सात ताटल्या. हसतमुखाने विचारले, “आज रात्री इथे किती जण झोपणार?”

मुलाने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, “सात. चूक माझी आहे.” माझे इंग्रजी एवढे स्वच्छ आणि आखूड यापूर्वी कधी झाले नव्हते.

बाई रागावल्या नाहीत. त्या रात्री दंडाची पावतीही फाडली नाही. पण चालवूनही घेतले नाही. “जेवण होऊ द्या. पण इथे सहाच झोपतील.” मी विचारले, शेजारी कुठे जागा? सगळे भरलेले. गाडीत झोपला तर? तंबूच्या जागेबाहेर कुठेही, गाडीतसुद्धा, रात्री झोपायला मनाई. मोठ्या गटांसाठी वेगळ्या जागा आहेत, पण त्या तेरा ते तीस माणसांच्या, आणि दरीच्या बाहेर. सात माणसांनी एकतर दोन जागा घ्याव्यात, नाहीतर सहा व्हावे.

भाचा ओशाळून उठला. त्याला एकट्याला रात्री पाठवायचे मला बरे वाटेना. ज्याने सुपाची म्हण काढली त्यानेच सूप उचलावे, हे बरे. आम्ही दोघे निघालो. मर्सेडच्या काठाकाठाने, वळणावळणाचा, काळोखातला सव्वा तासाचा रस्ता. मॅरिपोसा गावात एक खोली मिळाली. तिचे भाडे ऐकून मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि मध्येच सोडून दिला. रस्ताभर पोरगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, “काका, माझ्यामुळे झालं.” मी म्हणालो, “तू फक्त विचारलंस. हो मी म्हटलं.”

सकाळी परतलो तेव्हा रेंजरबाई पुन्हा भेटल्या. त्यांनी काही उपदेश केला नाही. टेबलाच्या मागे एका पाइनकडे नुसते बोट दाखवले. तिथली माती सिमेंटसारखी घट्ट झाली होती आणि मुळांच्या पाठी उघड्या पडल्या होत्या, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारख्या. “सगळे सहाच होते तरी हे झालं,” त्या म्हणाल्या.

परत आल्यावर मी सॅन होजेच्या वाचनालयात जाऊन बसलो. निवृत्त माणसाला दुसरे काम काय? तिथे मला ई. पी. मायनेके या गृहस्थांचा शोध लागला. हे वनस्पतिरोगांचे तज्ज्ञ. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेत मोटारी आल्या आणि माणसे वाटेल तिथे, झाडाच्या बुंध्यापर्यंत गाडी नेऊन मुक्काम ठोकू लागली. कॅलिफोर्नियातले प्रचंड रेडवुड वृक्ष का खंगताहेत, हे मायनेके यांनी तपासले. कीड नव्हे, बुरशी नव्हे. चाकांनी आणि पावलांनी माती दाबली जात होती आणि मुळांचा श्वास कोंडत होता. १९३२ साली त्यांनी छावण्यांविषयीचे धोरण मांडले. रस्ता एकेरी असावा, गाडीची जागा ठरलेली असावी, टेबल आणि चूल हलू नये, वाटेच्या कडेला दगड-ओंडके असावेत, म्हणजे माणूस फिरला तरी ठरल्या जागीच फिरेल. आज तिकडच्या छावण्यांची जी मांडणी दिसते, तिचे मूळ इथे आहे.

म्हणजे एक टेबल, एक पेटी, एक शेकोटी आणि सहा माणसे हे कोणा कारकुनाचे लहरी आकडे नव्हते. ज्याला बोलता येत नाही अशा पक्षकाराची बाजू कोणीतरी कागदावर उतरवली होती.

अंमलबजावणीलाही इतिहास आहे. ४ जुलै १९७० रोजी योसेमिटीच्या स्टोनमन कुरणात जमलेल्या तरुणांना हटवायला रेंजर घोड्यांवरून घुसले आणि दंगल उसळली. त्यानंतर रेंजरांच्या प्रशिक्षणाची रीतच बदलली. आमच्या रेंजरबाईंचे ते हसून विचारणे आणि तरीही न हलणे मला त्यामुळे जास्त कळले. पुढे जानेवारी १९९७ मध्ये मर्सेडला महापूर आला आणि नदीकाठच्या छावण्या वाहून गेल्या. त्यातल्या दोन पुन्हा पूर्वीसारख्या मांडल्याच नाहीत. ती जागा नदीची, असे ठरले. एकीकडे माणसे वाढली, दुसरीकडे जागा घटल्या. पंधरा तारखेची ती झुंबड उगीच नाही.

आपल्याकडे असे होत नाही असे म्हणून मी नाक मुरडणार नाही. साताऱ्याचे कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथे फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली गेली, आणि तिकिटे तपासायला आजूबाजूच्या गावांतलीच माणसे उभी राहिली. फुलांवर लोळून फोटो काढणाऱ्या पाहुण्याला उठवणे सोपे काम नव्हे. ‘एवढं काय, एकच तर फूल’ हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकले असेल! याउलट गेल्या हिवाळ्यात मी एका धरणाकाठी तंबूत राहायला गेलो होतो. फोनवर मालकाला विचारले, किती जण आलो तर चालेल? तो म्हणाला, “साहेब, जेवढे याल तेवढे या.” रात्री पाण्याच्या काठावर कागदी ताटल्यांची पांढरी रांग तरंगत होती.

‘भरल्या गाडीला सूप जड नाही’ ही म्हण मी आता जपून वापरतो. सूप हलके असते हे खरेच. पण गाडीवानाला प्रत्येक जण एकच सूप देतो, आणि बैल काही बोलत नाही. बँकेतही बुडालेले खाते एका मोठ्या रकमेने क्वचितच बुडे; ‘थोडंसंच जास्त’ असे पुष्कळ वेळा होऊन बुडे. आणि मर्यादा ओलांडली की कोणीतरी एक जण मोजायचा राहतोच. बहुतेक वेळा जो सर्वांत लहान, सर्वांत मुका, तोच. कधी झाडाचे मूळ, कधी नदी, कधी आठ वर्षांची पोर.

या वर्षी १५ जानेवारीला मुलाने दोन जागांसाठी धडपड केली. मिळाली एकच. भाच्याचा आपणहून फोन आला, “या वेळी मी नाही, काका. पुढच्या वर्षी माझ्या नावावर जागा काढतो.” नातीने मात्र खात्री करून घेतली. फोनवर विचारले, “आबा, कोण कोण सहा?”

मी नावे सांगितली. पहिले तिचे होते.