120 दिवसांतला एक दिवस

ऑगस्ट 2020, मेलबर्न. पहाटे 5 ला संचारबंदी उठते, तरी घरापासून 5 किलोमीटरपलीकडे जायला सबळ कारण लागतं. व्हिक्टोरिया राज्याचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, डॅनियल अँड्र्यूज यांचा दिवस मात्र ठरतो तो आकड्यावर.

सकाळी 9 च्या सुमारास आरोग्य खातं कोविडचे नवे रुग्ण जाहीर करतं. 5 ऑगस्टला ते 725 होते. रुग्णालयं, पोलीस, शाळा सगळं राज्याच्या हाती, त्यामुळे कॅनबेरातल्या केंद्र सरकारकडे बोट दाखवून सुटका नाही. (वृद्धाश्रम केंद्राच्या अखत्यारीत, आणि मृत्यू सर्वाधिक तिथेच. तरी रोज उत्तर द्यायला उभं राहायचं ते यांनीच.)

11 च्या आसपास पत्रकार परिषद. अंगात पुष्कळदा ते नॉर्थ फेसचं जॅकेट, ज्यावर समाजमाध्यमांत मीम्सचा पाऊस पडला. बाजूला खुणांच्या भाषेचे दुभाषी आणि मुख्य आरोग्य अधिकारी ब्रेट सटन. लोक कामधंदा बाजूला ठेवून टीव्हीसमोर. आधी मृतांचा आकडा, मग चाचण्या, मग प्रश्न. पत्रकार थकेपर्यंत प्रश्न चालतात, कधी तास, कधी दीड तास. 3 जुलै ते 30 ऑक्टोबर असे सलग 120 दिवस. रविवारसुद्धा सुटला नाही. आपल्याकडच्या किती नेत्यांना हे झेपेल, असं वाटून जातंच.

एक प्रश्न मात्र रोज परत येतो: परदेशातून आलेल्यांच्या विलगीकरणाच्या हॉटेलांवर खासगी सुरक्षारक्षक नेमायचं ठरवलं कुणी? संसर्ग तिथूनच शहरात फुटला. अँड्र्यूज म्हणतात, चौकशी चालू आहे, ती बोलेल.

दुपार बैठकांची. विधिमंडळाचं गणितही सांभाळायचं, कारण वरिष्ठ सभागृहात त्यांच्या लेबर पक्षाला बहुमत नाही. साथीमुळे लावलेल्या आणीबाणीची मुदत वाढवण्याचं विधेयक सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे 20 विरुद्ध 19 मतांनी जेमतेम तरलं.

रात्री 8 ला पुन्हा संचारबंदी. एरवी गजबजलेल्या स्वान्स्टन स्ट्रीटवर शुकशुकाट.

डिसेंबरमध्ये माजी न्यायाधीश जेनिफर कोट यांचा चौकशी अहवाल आला. रक्षकांचा निर्णय नेमका कुणाचा, हे त्यातही निघालं नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं आणि झालं. एव्हाना राज्यात 800 हून अधिक माणसं दगावली होती. नोव्हेंबर 2022 मध्ये मतदारांनी अँड्र्यूज यांनाच पुन्हा निवडून दिलं.