जर्सीवरचा नंबर मोठा कशाने होतो? (एपिसोडचा लिखित भाग)

आजचा एपिसोड जर्सीवेड्यांसाठी. मागच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण बोईसरला एका मित्राच्या गच्चीवर आपापल्या जर्सी घेऊन जमलो. कुणी पालघरहून, कुणी सफाळ्याहून आलं, दोघं तर तारापूर एमआयडीसीतली नाइट शिफ्ट संपवून थेट आले. अशा भेटीला पहिल्यांदाच जाणार असाल, तर तिथे काय बघतात आणि कशावर भांडतात ते सांगतो.

पहिलं काम, जर्सी उलटी करा. आपल्याकडच्या टेनिस क्रिकेटच्या टीम हल्ली बहुतेक सब्लिमेशनच्या जर्सी छापून घेतात. डिझाइन आधी कागदावर छापतात, मग तो कागद पॉलिएस्टरवर ठेवून साधारण 200 अंशांवर दाबतात. रंगाची वाफ होते आणि धाग्यात शिरते. म्हणून बोट फिरवलं तरी छपाई जाणवत नाही आणि ती सोलून निघत नाही. आतली बाजू मात्र पांढरट राहते. सुती कापडावर हे नीट जमत नाही. नंबर बोटाला जाड लागला, तर तो उष्णतेने चिकटवलेला आहे. अशी जर्सी उलटी करून गार पाण्यात धुवा आणि नंबरवर इस्त्री फिरवू नका, नाहीतर तडे जातील.

दुसरं, अस्सल म्हणजे काय? तीन प्रकार लक्षात ठेवा. चाहत्यांसाठीची, खेळाडूंसारख्याच कापडाची आणि प्रत्यक्ष मॅचमध्ये घातलेली. तिसरी सगळ्यात महाग, त्यामुळे फसवणूकही तिथेच जास्त. पक्के संग्राहक मॅचचे फोटो झूम करून शिवणीवर पट्टा नेमका कुठे कापला गेलाय, ते हातातल्या जर्सीशी जुळवतात. नुसत्या सहीवर भरवसा नको.

तिसरा विषय नंबरचा, आणि इथे आवाज चढतात. वर्ल्ड कपमध्ये रंगीत कपडे 1992 ला आले, पाठीवर नंबर 1999 ला, आणि टेस्टमध्ये तर थेट 2019 ला. सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघितलं तर नंबर म्हणजे नुसता आयडी. टीममध्ये एकाच वेळी दोघांना तोच नको, बस्स. पण लोक तसं मानत नाहीत. आपल्या पालघरच्या शार्दुल ठाकूरलाच विचारा. लोकलमधून किट घेऊन मुंबई गाठणारा हा मुलगा 31 ऑगस्ट 2017 ला कोलंबोत पहिली वनडे खेळला, पाठीवर 10 नंबर. सोशल मीडियावर लोक तुटून पडले. सचिनचा नंबर घातलाच कसा? शार्दुलचं कारण साधं होतं. जन्मतारीख 16-10-1991. आकड्यांची बेरीज 28, पुन्हा बेरीज 10. शेवटी त्याने 54 घेतला. बीसीसीआयने 10 नंबर गुपचूप बाजूला ठेवल्याच्या बातम्याही त्याच वर्षी आल्या.

गच्चीवर निम्मे म्हणाले, बरोबर झालं. मला ते पटत नाही. जानेवारी 2021, गॅबा. शार्दुलने पहिल्या डावात 67 धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरसोबत 123 ची भागीदारी रचली आणि मॅचमध्ये 7 विकेट घेतल्या. त्यानंतर पालघरच्या पोरांसाठी 54 हा साधा आकडा राहिला नाही. म्हणजे नंबर जन्मतः मोठा नसतो. तो घालून कोण काय खेळलं, त्यावर तो मोठा होतो.

आता हेच आपल्या गावाला लावा. गावच्या टीमची जर्सी आठवा. छातीवर गावदेवीचं नाव, बाहीवर हार्डवेअरच्या दुकानाचं, पाठीवर पोराचं टोपणनाव. तीही मॅचमध्ये घातलेलीच आहे, शंभर टक्के अस्सल. पण सीझन संपला की तिची बाइक पुसायची फडकी होतात. त्या मॅचचा स्कोअर कुठल्याच ॲपवर नसतो, आणि टीम फुटली की त्या वर्षी कोण कोण खेळलं हे सांगायला ती जर्सीच उरते.

म्हणून एक काम करा. टीममागे एक जर्सी बाजूला काढा, धुवा, वाळवा आणि एका चिठ्ठीवर वर्ष, मैदान आणि अकरा नावं लिहून आत ठेवा. पुढच्या भेटीला परदेशी क्लबची आणाच, पण ही आधी दाखवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!