मोहिनीचा आवाज

ठाण्यात वागळे इस्टेटहून गडकरी रंगायतनला नाटकाला जायचं म्हणजे आमच्या घरी आजही सणच असतो. तलावपाळीला रिक्षातून उतरलं की नाट्यगृहावरचं गडकऱ्यांचं नाव दिसतं आणि मला त्यांच्या ‘एकच प्याला’ची नायिका सिंधू आठवते. ते नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा सिंधू केली बालगंधर्वांनी. बहुतेक नाटक मंडळ्यांत नायिकेची भूमिका पुरुषच करायचे. पण त्याआधी सहा वर्षं एक मराठी मुलगी कॅमेऱ्यासमोर मोहिनी होऊन उभी राहिली होती. तिची आठवण आपण फारच कमी काढतो.

ही मुलगी म्हणजे कमलाबाई. जन्म १९०० चा. आई दुर्गाबाई कामत. पतीपासून वेगळं झाल्यावर पदरातल्या मुलीला घेऊन त्यांनी नाटकाचा रस्ता धरला. त्या काळी हे पाऊल टाकणं म्हणजे गोतावळ्याला मुकणं. कमलाबाई अगदी लहानपणीच रंगमंचावर उभ्या राहिल्या. बिऱ्हाड नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरत होतं, त्यामुळे शाळा म्हणावी तर तीच.

इकडे दादासाहेब फाळके बायकांच्या शोधात थकले होते. ‘राजा हरिश्चंद्र’साठी कोणी स्त्री मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या एका खाणावळीतल्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. दुसऱ्या चित्रपटाला मात्र त्यांना मायलेकी मिळाल्या. १९१३ च्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई पार्वती झाल्या, कमलाबाई मोहिनी. चित्रण नाशिकला, उन्हाच्या उजेडात, हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर. गाण्याबजावण्यात वाढलेल्या मुलीला इथे गळ्याचा काही उपयोग नव्हता. पद नाही, संवाद नाही. जे सांगायचं ते डोळ्यांनी आणि हातांनी.

बायकांसाठी पडद्याचं दार उघडलं, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये फाळक्यांच्या पडद्यावर राम साळुंकेच होते आणि सीताही साळुंकेच. एक मुलगी आत आली, तेवढ्याने वाट रुळली नाही. म्हणूनच तिचं धाडस मला मोठं वाटतं.

कमलाबाई नाटकाकडे परतल्या. चित्ताकर्षक नाटक मंडळीच्या रघुनाथराव गोखल्यांशी त्यांचं लग्न झालं. रघुनाथराव किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करून आलेले. आता ते नायक आणि बायको नायिका! हे सुख फार टिकलं नाही. ऐन पंचविशीत वैधव्य आलं, मुलं लहान. कमलाबाईंनी रंग पुसला नाही. प्रसंगी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. पुढे बोलपट आल्यावर तिथेही उभ्या राहिल्या. मुलगे वाढले ते याच कमाईवर: चंद्रकांत गोखले अभिनेते झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्यावर बसले. ‘बॅरिस्टर’ गाजवणारे विक्रम गोखले हे कमलाबाईंचे नातू.

१९९० च्या सुमाराला रीना मोहन ही दिग्दर्शिका कॅमेरा घेऊन पुण्यात कमलाबाईंकडे गेली. ‘कमलाबाई’ या तिच्या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात नव्वदीच्या घरातल्या कमलाबाई दिसतात. शरीर थकलेलं, पण जुन्या नाटकांतलं काही आठवलं की चेहरा उजळतो, हात हवेत उठतो आणि त्या बोलू लागतात.