श्रेयांकांचे हस्तांतरण : निर्णय कोणाचा?

अमेरिकेत पदवीसाठी साधारणतः १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी निम्मे कमी खर्चाच्या सामुदायिक महाविद्यालयात मिळवून मग विद्यापीठात जाण्याचा मार्ग अनेक विद्यार्थी पत्करतात. मात्र जुने श्रेयांक मान्य न झाल्यास पैसा व वेळ दोन्ही वाया जातात. २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्यांनी सरासरी सुमारे ४३ टक्के श्रेयांक गमावले, असा अंदाज तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली वर्तविला.

टेक्सास राज्यात ४२ श्रेयांकांचा मूलभूत अभ्यासक्रम एका सरकारी संस्थेत पूर्ण केल्यास दुसऱ्या सरकारी संस्थेला तो कायद्याने स्वीकारावा लागतो. वेको येथील बेलर हे बाप्टिस्ट विद्यापीठ खाजगी असल्याने त्यास हे बंधन नाही. प्रत्येक विषयाचा आशय व श्रेणी पाहून ते स्वतः निर्णय घेते. शिवाय ख्रिस्ती धर्मग्रंथ व ख्रिस्ती परंपरा हे तेथील आवश्यक विषय सरकारी महाविद्यालयाच्या मूलभूत अभ्यासक्रमात नसतात.

म्हणून विषय निवडण्यापूर्वीच, ज्या विद्यापीठात जावयाचे त्याच्याकडून लेखी मान्यता घेणे हितावह होय. भारतातही २०२१ साली शैक्षणिक श्रेयांक बँकेची व्यवस्था सुरू झाली असल्याने, हे मार्गदर्शन आपल्या शिक्षकांनाही उपयुक्त ठरावे.