बालवर्गातील बोलका फळा

आपल्या न्यासाच्या बालवर्गासाठी एक ‘बोलका फळा’ घ्यावा, अशी सूचना या सुवर्णमहोत्सवी वर्षी काही सभासदांनी केली आहे. सूचनेमागील हेतू स्तुत्य आहे. तथापि पैसे खर्च करण्यापूर्वी ही वस्तू काय आहे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिचा उपयोग कितपत होतो, हे पालकांनी व विश्वस्तांनी समजून घेणे इष्ट ठरेल. माझ्या वर्गात असा फळा काही वर्षे वापरला गेला आहे. त्या अनुभवाच्या आधारे चार शब्द लिहीत आहे.

हा फळा म्हणजे संगणकाला जोडलेला स्पर्शग्राही पडदा होय. जुन्या प्रकारात प्रोजेक्टरमधून पांढऱ्या फळ्यावर चित्र पडते व बोट कोठे टेकले ते फळा संगणकास कळवितो. अशा पद्धतीचा ‘स्मार्ट बोर्ड’ कॅनडातील एका कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. यात मूल पुढे आले की त्याचीच सावली चित्रावर पडते. चित्र व स्पर्श यांचा मेळ बिघडला, तर बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे, अशी गंमत होते. अलीकडे प्रोजेक्टरऐवजी स्वयंप्रकाशी पटल मिळते. त्यात सावलीची अडचण नाही. पण ६५ इंची पटलाचे वजन ४० किलोच्या आसपास असल्याने भिंत भक्कम हवी.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी फळ्यावर आंबे टोपलीत टाकण्याचा खेळ ठेवला होता. बरोबर पाच आंबे पडले की घंटा वाजे. मुले अगदी रंगून जात, वर्ग शांत राही, आणि पाहुणे प्रसन्न होऊन जात. मीही सुखावले होते. एके दिवशी वीज गेली. मी चिंचोक्यांची परडी पुढे केली आणि एका मुलाला म्हटले, “मला पाच दे पाहू.” त्याने एक दिला, दोन दिले, मग मूठभर दिले आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागला. तो घंटेची वाट पाहत होता! घंटा वाजेपर्यंत आंबे टाकत राहायचे, एवढेच तो शिकला होता. पाच म्हणजे किती, हे त्याला उमगलेच नव्हते.

त्या दिवसापासून मी क्रम बदलला. आधी वस्तू हातात, मग चित्र फळ्यावर, शेवटी अंक पाटीवर. आणि फळ्याची घंटा बंद केली. उत्तर बरोबर की चूक, हे आता मुलांनीच मोजून एकमेकांस सांगायचे.

दुसरी अडचण साध्या हिशेबाची आहे. वर्गात ३० मुले असतील आणि प्रत्येकास एक मिनिट मिळाले, तर एक जण फळ्यापाशी व २९ जण मांडी घालून स्वस्थ, असा अर्धा तास जातो. इंग्लंडमध्ये २००३ च्या सुमारास शासनाने शाळांना अशा फळ्यांसाठी खास निधी दिला. तेथील अभ्यासकांनाही धड्याचा वेग वाढलेला, पण गटाने करावयाचे काम घटलेले आढळले. म्हणून सहा मुलांचा गट घ्यावा आणि बारा मिनिटे द्यावीत. मात्र तेवढ्या वेळात उरलेल्या चोवीस मुलांपाशी दुसऱ्या बाई हव्यातच.

मग फळा निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. खडूचा फळा पुसला की गेला. हा कालचे काम आज पुन्हा दाखवितो. आम्ही वाटीत मूग पेरले, रोज एक छायाचित्र घेतले आणि ती सारी फळ्यावर भराभर दाखविली, तेव्हा मोड वर येताना पाहून मुलांनी टाळ्या पिटल्या. ‘क’ गिरवताना मुलाने कोठून सुरुवात केली, हे काही फळ्यांवर पुन्हा पाहता येते. आपल्या बेळगावात तर याहून मोठा लाभ आहे. मांजराच्या चित्राला मुलांनीच आपापला आवाज दिला: एकीने ‘मांजर’, दुसऱ्याने ‘बेक्कू’, तिसरीने ‘बिल्ली’. घरची बोली शाळेत ऐकू येताच जी मुले महिनाभर गप्प होती, ती बोलू लागली.

फळा मुलांच्या उंचीला लावावा. स्टुलावर चढवू नये. वेळही मोजका असावा. तीन-चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितका बरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. त्या तासात घरचा दूरदर्शन व मोबाईलही आले, हे पालकांनी विसरू नये.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस काम सुरू केले, तेव्हा शिंपले, खडे, पाने हीच त्यांची साधने होती. साधन साधे असो वा महागडे, मुलाच्या हाताला त्यात काम हवे.

विश्वस्तांना माझी नम्र विनंती एवढीच, की फळ्याआधी दुसऱ्या बाईंच्या पगाराची तरतूद व्हावी. देणगीदाराचे नाव फळ्यावर कोरता येते, पगारावर येत नाही, हे मी जाणते. पण बाई असतील तरच फळा बोलका; नाहीतर तो भिंतीवरचा आणखी एक दूरदर्शनच ठरेल.